मेरिलिन मॅन्सनचा 'मेकॅनिकल ॲनिमल्स' आणि बिथरलेले चाहते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेरिलिन मॅन्सन म्हणजे माणूस की बॅन्ड?

दोन्ही. ब्रायन वॉर्नर हा ओहायो राज्यातल्या कँटन गावी १९६९ साली जन्मलेला माणूस. १९८९ साली त्याने फ्लोरिडात बॅन्ड काढला. मेरिलिन मन्रो ही नटी आणि चार्ल्स मॅन्सन हा खुनी टोळीचा म्होरक्या, या दोघांची नावं जोडून तयार झालेलं नाव त्याने स्वतःलाही लावलं आणि बॅन्डलाही. सुरुवातीला त्याला 'अँड द स्पूकी किड्स' असं शेपूट होतं. ते पुढे गळलं, पण जुने चाहते स्वतःला 'स्पूकी किड्स' म्हणवत राहिले. 'मेकॅनिकल ॲनिमल्स' हा बॅन्डचा तिसरा स्टुडिओ अल्बम. अमेरिकेत तो १५ सप्टेंबर १९९८ रोजी आला. खाली 'मॅन्सन' म्हटलं की माणूस समजावा.

चाहते नेमके चिडले कशावर?

त्यासाठी आधीचा अल्बम आठवावा लागतो. ऑक्टोबर १९९६ मध्ये आलेला 'अँटिख्राइस्ट सुपरस्टार' म्हणजे गंज, काजळी आणि किंकाळ्या. करवतीसारखी गिटार, यंत्रातून काढल्यासारखे ड्रम्स, आणि मंचावर बायबलची पानं टराटरा फाडणारा एक हडकुळा, पांढरा फटक माणूस. अमेरिकेतल्या ख्रिस्ती संघटनांनी त्याच्या कार्यक्रमांविरुद्ध मोर्चे काढले, काही शाळांनी बॅन्डच्या टी-शर्टवर बंदी घातली. वर्गात ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशा पोरापोरींना या आवाजात स्वतःचा राग सापडला होता, आणि तो टी-शर्ट अंगावर घालण्याची किंमत त्यांनी मोजली होती. कुणाला मुख्याध्यापकांनी घरी धाडलं, कुणाच्या आईबापांनी सीडी कचऱ्यात टाकल्या.

दोन वर्षांनी हाच माणूस लालभडक केस, चमचमते कपडे आणि उंच टाचांचे बूट घालून आला. मुक्काम फ्लोरिडातून हलवून त्याने हॉलिवूडच्या टेकड्यांवर नेला होता. गाण्यांत चक्क चाली होत्या, कोरस होता, एका गाण्यात तर चर्चमधल्यासारखं बायकांचं समूहगान होतं. किंचाळणं जवळजवळ नाहीच. 'हा विकला गेला', असं चाहते म्हणायला लागले.

राग आला तो आवाजाचा आणि वेशाचा, असं साधारणपणे सांगितलं जातं. मला मूळ थोडं वेगळं दिसतं. काळा टी-शर्ट, काळी लिपस्टिक, काळं नेलपॉलिश एवढ्या भांडवलावर आधीच्या मॅन्सनच्या टोळीत कुणालाही शिरता येत होतं. नव्या रूपाची नक्कल मात्र रबराचा साचा आणि पगारी मेकअपवाला असल्याशिवाय करता येणार नव्हती. काल जे आपल्याच टोळीतले होते त्यांना आज तिकीट काढून समोर बसवलं गेलं. ही बढती नव्हे, हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना बरोबर कळलं.

सगळेच चिडले होते का?

अजिबात नाही. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत सुमारे २ लाख २३ हजार प्रती खपल्या आणि अल्बम थेट बिलबोर्डच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. 'अँटिख्राइस्ट सुपरस्टार' तिसऱ्यापर्यंतच पोचला होता. पुढे प्लॅटिनम, म्हणजे अमेरिकेत दहा लाखांचा शिक्काही मिळाला. एवढ्या प्रती काही फक्त नव्या लोकांनी घेतल्या नसतील. शिव्या देणाऱ्यांनीही आधी घेतला, मग दिल्या.

सत्तरच्या दशकातला ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी ऐकत वाढलेल्या, वयाने थोड्या थोर श्रोत्यांनी या बॅन्डकडे पहिल्यांदा गांभीर्याने पाहिलं ते याच वेळी. जुन्यांची तक्रारही नेमकी तीच होती: आता हा माणूस समीक्षकांना आवडायला लागला.

ग्लॅम रॉक म्हणजे काय?

मॅन्सनचं हे नवं रूप ज्यातून आलं तो, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा, मुख्यतः ब्रिटिश प्रकार. १९७१ मध्ये टी. रेक्स या बॅन्डचा मार्क बोलन डोळ्यांखाली चमकी लावून बीबीसीच्या संगीत कार्यक्रमात आला, तिथून त्याची सुरुवात धरतात. पुढच्या वर्षी डेव्हिड बोवीने झिगी स्टारडस्ट हे पात्र उभं केलं. अमेरिकेत ॲलिस कूपर आणि न्यूयॉर्क डॉल्स यांनी याचा जास्त रांगडा अवतार केला. ठेका सोपा, पाय आपटता येईल असा, कपडे भडक, आणि गाणारा पुरुष की स्त्री हे मुद्दाम पुसट केलेलं. ऐंशीच्या दशकातले केस फुगवलेले मेटल बॅन्ड हे याचे लांबचे भाऊबंद, त्यांची गल्लत करू नये.

पुरुषाने स्त्रीरूप घेण्याचं मराठी वाचकाला तसं अप्रूप नाही. पण बालगंधर्व मंचावर आले की ते पूर्ण बाईच असत, ही त्या कलेची कसोटी होती. ग्लॅमला ते नको असतं. तिथे पाहणाऱ्याचा गोंधळ उडाला नाही तर कार्यक्रम फसला.

मग हा अल्बम बोवीची नक्कलच ना?

उसनवारी उघड आहे आणि मॅन्सनने ती लपवली नाही. अल्बममधलं ओमेगा हे पात्र, म्हणजे परग्रहावरून पडलेला लाल केसांचा रॉकस्टार, हा सरळ झिगीचा वारस. अल्बमच्या नावातला प्राणी बोवीच्या १९७४ सालच्या 'डायमंड डॉग्ज'ची आठवण करून देतो. 'द डोप शो'चा ठुमकत चालणारा ठेका टी. रेक्सच्या घराण्यातला, आणि 'आय डोन्ट लाइक द ड्रग्ज (बट द ड्रग्ज लाइक मी)' मध्ये जी फंक गिटार वाजते ती बोवीच्या सत्तरच्या उत्तरार्धातली. त्याच गाण्यातला गिटारचा सोलो वाजवला आहे डेव्ह नवारोने, जो तोवर जेन्स ॲडिक्शन आणि रेड हॉट चिली पेपर्स या बॅन्डमध्ये वाजवून बसला होता.

पण गोष्ट वेगळी आहे. झिगी जगासाठी संदेश घेऊन येतो आणि चाहत्यांच्या प्रेमाने संपतो. मॅन्सनचा ओमेगा संदेशबिंदेश घेऊन आलेला नाही. त्याला पकडतात, तपासतात, नटवतात आणि विकायला ठेवतात. 'द डोप शो'च्या व्हिडिओत, दिग्दर्शक पॉल हंटरने, हे अगदी क्रमवार दाखवलंय: टेकड्यांवर भरकटणारा बिनकपड्यांचा प्राणी, मग प्रयोगशाळा, मग स्टेज. बोवीच्या ग्लॅममध्ये माणूस स्वतःला हवं ते बनतो. इथे त्याला दुसरेच कुणी बनवतात. नक्कल म्हणणाऱ्यांनी कपडे पाहिले, कथा ऐकली नाही.

ओमेगा आणि आल्फा हे काय प्रकरण आहे?

अल्बमवरची चौदा गाणी दोन वाटण्यांत विभागलेली आहेत. सात गाणी 'ओमेगा अँड द मेकॅनिकल ॲनिमल्स' नावाच्या काल्पनिक बॅन्डची. हा ओमेगा म्हणजे नशेत बुडालेला, आतून रिकामा झालेला, बाजाराने घडवलेला तारा. उरलेली सात आल्फाची. आल्फा म्हणजे साधारण मॅन्सन स्वतः, बराच काळ बधिर राहिल्यावर ज्याला पुन्हा काहीतरी जाणवायला लागलंय आणि ते सहन होत नाहीये.

'द डोप शो', 'रॉक इज डेड', 'आय डोन्ट लाइक द ड्रग्ज' ही ओमेगाची. 'ग्रेट बिग व्हाइट वर्ल्ड' आणि 'कोमा व्हाइट', म्हणजे अल्बमचं पहिलं आणि शेवटचं गाणं, ही आल्फाची. सीडीची पुस्तिकाही दोन्ही बाजूंनी उघडणारी होती: एका बाजूने मेरिलिन मॅन्सनचा अल्बम, उलटी केली की ओमेगाचा.

आता गंमत पाहा. सिंगल म्हणून, म्हणजे सुटी, जी तीन गाणी विकली गेली, ती तिन्ही ओमेगाची. म्हणजे टीव्हीवर आणि रेडिओवर लोकांनी जो 'नवा मॅन्सन' ऐकला, तो मुळात त्याने टिंगल करण्यासाठी उभं केलेलं पात्र होतं. आल्फा ऐकायचा तर अल्बमच घ्यावा लागत होता.

म्हणजे 'विकला गेला' हा आरोप खोटा?

या प्रश्नावर वाद झडतात आणि दोन्ही बाजू एकमेकांना मूर्ख समजतात.

एक बाजू म्हणते: अहो, अल्बमच विकलं जाण्यावर आहे. तारा ही वस्तू आहे, चाहते गिऱ्हाईक आहेत, आणि सगळ्यांना मिळून गुंगीचं औषध लागतंय, हे तो प्रत्येक दुसऱ्या गाण्यात सांगतोय. अशा माणसाला 'विकला गेलास' म्हणणं म्हणजे खलनायकाचं काम करणाऱ्या नटाला रस्त्यात चोपण्यासारखं.

दुसरी बाजू म्हणते: छान. पण विकण्यावर टीका करणारी वस्तू इंटरस्कोपसारख्या बड्या कंपनीने विकली, पहिल्या क्रमांकावर नेली, आणि पैसे खरेच घेतले. टीका केल्याने पावती रद्द होत नाही.

मला दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद जास्त पटतो आणि तरीही अल्बम थोर वाटतो. ओमेगाची गाणी पोकळ आहेत हे चिडलेल्या चाहत्यांनी अचूक ऐकलं होतं. ती मुद्दाम पोकळ आहेत, आणि ती पोकळी शेजारच्या आल्फाच्या गाण्यांवर घासली की ठिणगी पडते, हे कळेपर्यंत ते थांबले नाहीत. दोष त्यांचा एकट्यांचा नाही. पोकळपणा दाखवण्यासाठी पोकळ गाणी करायची ही चाल धोक्याची असते. ऐकणाऱ्याला तिसऱ्या मिनिटाला कंटाळा आला तर त्याला कथानकाचा कागद दाखवून उपयोग नाही.

निदान संगीताबद्दलची तक्रार तरी खरी होती का?

अर्धी. आधीच्या अल्बमचा निर्माता नाइन इंच नेल्स या बॅन्डचा ट्रेंट रेझ्नर होता आणि त्याची खासियत म्हणजे आवाज खरवडून, सोलून ठेवणं. या वेळी मॅन्सनच्या बरोबरीने निर्माता होता मायकेल बाइनहॉर्न, ज्याने साउंडगार्डन या बॅन्डचा 'सुपरअननोन' केला होता. त्याचं काम घसघशीत आणि चकचकीत. प्रत्येक वाद्य वेगळं, प्रत्येक शब्द स्पष्ट. ज्यांना ओरखडे हवे होते त्यांना हे पॉलिश केलेलं फर्निचर वाटणारच.

पण 'द स्पीड ऑफ पेन' ऐका. अकूस्टिक गिटारवर सुरू होणारं, सावकाश फुगत जाणारं गाणं. रेझ्नरच्या काजळीत ते गुदमरलं असतं. 'डिसअसोसिएटिव्ह'मधली पोरकी, अधांतरी शांतताही तशीच. उलट 'न्यू मॉडेल नंबर १५' आणि 'यूझर फ्रेंडली' ही जोडी मला आजही भरताड वाटते. अल्बम दहा-अकरा गाण्यांचा असता तर निम्मे वाद झालेच नसते असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक बाब निसटते. चालींचं श्रेय सगळं मॅन्सनला देतात, पण तो मुख्यतः शब्द लिहितो. संगीताचा मोठा भाग बॅन्डच्या बेस गिटारवाल्या ट्विगी रामिरेझचा, आणि गिटारवाल्या झिम झमचा. झिम झम अल्बम बाजारात यायच्या आधीच बाहेर पडला आणि दौऱ्यावर त्याची जागा जॉन फाइव्हने घेतली. त्यामुळे हा आवाज घडवणारा एक माणूस या अल्बमच्या दौऱ्यात मंचावर दिसलाच नाही.

रेझ्नर आणि मॅन्सन यांचं भांडण यावरूनच झालं?

भांडण आधीच झालं होतं. फेब्रुवारी १९९८ मध्ये मॅन्सनचं आत्मचरित्र आलं, त्यात रेझ्नरबद्दलचे किस्से होते, आणि जे उरलंसुरलं होतं तेही फाटलं. तरी अल्बम निघाला तो रेझ्नरच्याच नथिंग रेकॉर्ड्स या लेबलवर, कारण करार. चाहत्यांचीही दोन घरं झाली. २००० साली मॅन्सन नाइन इंच नेल्सच्या एका व्हिडिओत दिसला तेव्हा तात्पुरता समेट झाला.

गाणी खरी बिली कॉर्गनने लिहिली असं ऐकलंय.

नाही. स्मॅशिंग पंपकिन्स या बॅन्डच्या कॉर्गनने सुरुवातीच्या काळात गाणी ऐकून सल्ला दिला, पण लेखनाच्या श्रेयात तो नाही. अफवा पसरण्याचं कारण शेजारच्या घरात सापडतं: कोर्टनी लव्हच्या होल या बॅन्डचा 'सेलिब्रिटी स्किन' आठवडाभर आधी, ८ सप्टेंबरला आला. निर्माता तोही बाइनहॉर्न, विषय तोही हॉलिवूड, आणि तिथे मात्र काही गाण्यांवर कॉर्गनचं नाव खरोखर आहे. लोकांनी दोन्ही एकाच पातेल्यात ढवळलं.

कव्हरवरचे स्तन खरे होते का?

नव्हते. जोसेफ कल्टिसने काढलेल्या त्या छायाचित्रात मॅन्सनच्या अंगावर कृत्रिम साचा आहे. हाताला सहा बोटं आहेत आणि कमरेखाली काहीच नाही, एखाद्या बाहुलीसारखं. यावरून त्याने शस्त्रक्रिया केल्याची अफवा उठली. बरगड्या काढल्याची जुनी अफवा होतीच, आणि तो म्हणजे 'द वंडर इयर्स' मालिकेतला चष्मेवाला पोरगा हीसुद्धा. तिन्ही खोट्या.

कव्हरपायी वॉलमार्ट, के-मार्ट आणि टार्गेट या साखळी दुकानांनी अल्बम ठेवायला नकार दिला. अमेरिकेतल्या लहान गावांत सीडी मिळायचं ठिकाण बहुतेक हेच. म्हणजे ज्या गावांतले पोरगे या बॅन्डचे सर्वांत कडवे चाहते होते, त्यांनाच तो मिळवायला शहर गाठावं लागलं.

दौऱ्यात चाहत्यांनी कसं स्वागत केलं?

मॅन्सनने शहाणपणा केला: कार्यक्रमात दोन्ही ठेवलं. चमचमता ओमेगा होता, 'ड्रग्ज' ही अक्षरं दिव्यांनी झगमगणारी प्रचंड पाटी होती, आणि त्याच रात्री हुकूमशहाच्या सभेसारख्या मंचावर उभं राहून जुनी गाणीही होती. बायबलही फाटत होतं. ज्यांना नवं नको होतं त्यांचं तिकीट वसूल झालं.

फसला तो होलबरोबरचा दौरा. फेब्रुवारी १९९९ च्या शेवटी दोन्ही बॅन्ड एकत्र निघाले. कागदावर जोडी जमणारी: निर्माता एक, शहर एक, विषय एक. प्रेक्षक मात्र मॅन्सनचे. कोर्टनी लव्ह मंचावरून त्यांच्याशी वाद घालायची, ते तिला हुर्यो करायचे. खर्चाच्या वाटणीवरूनही कुरबुर होती. मार्चच्या मध्याला होल बाहेर पडलं. मॅन्सनने ग्लॅम स्वीकारला, त्याच्या प्रेक्षकांनी नाही, याचा इतका रोकडा पुरावा दुसरा मिळायचा नाही.

कोलंबाइनचा या अल्बमशी काय संबंध?

संबंध काळाचा. २० एप्रिल १९९९ रोजी, दौरा चालू असताना, कोलोरॅडोतल्या लिटलटनजवळच्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक गेले. मारेकरी मॅन्सनचे चाहते असल्याच्या बातम्या लगेच छापून आल्या. पुढे ते तसे नव्हतेच हे स्पष्ट झालं, पण तोवर बॅन्डने अमेरिकेतले उरलेले कार्यक्रम रद्द केले होते. मॅन्सनने 'रोलिंग स्टोन'मध्ये लेख लिहून स्वतःची बाजू मांडली.

चाहत्यांच्या दृष्टीने याचा परिणाम विचित्र झाला. ज्या महिन्यांत ते आपसांत 'हा आपला राहिला की नाही' यावर भांडत होते, त्याच महिन्यांत काळे कपडे घालणाऱ्या प्रत्येक मुलाकडे शाळेत संशयाने पाहिलं जायला लागलं. घरातलं भांडण बाहेरून दगड पडायला लागले की मिटतं, तसं काहीसं झालं. ग्लॅमचा वाद मागे पडला, मिटला असं मात्र मी म्हणणार नाही.

'कोमा व्हाइट'च्या व्हिडिओलाही काळाने गाठलं. त्यात केनेडी हत्येचा देखावा आहे. कोलंबाइननंतर तो थांबवला, आणि मग जुलैमध्ये केनेडींचा मुलगा विमान अपघातात गेल्यावर पुन्हा पुढे ढकलला.

पुढच्या अल्बममध्ये तो जुन्या रूपाकडे परतला का?

हो, बऱ्यापैकी. नोव्हेंबर २००० मधला 'होली वूड' पुन्हा जड, काळा आणि संतापलेला आहे. जुने चाहते खूश झाले. पण त्याच वेळी मॅन्सनने सांगितलं की हे तीन अल्बम मिळून एकच कथा आहे आणि ती उलट्या क्रमाने वाचायची: आधी 'होली वूड', मग 'मेकॅनिकल ॲनिमल्स', शेवटी 'अँटिख्राइस्ट सुपरस्टार'.

तसं वाचलं की पोकळ तारा मधोमध येतो आणि किंचाळणारा राक्षस त्याच्यानंतर. ज्यांना वाटलं होतं की राक्षस सुधारून नटवा झाला, त्यांना सांगितलं गेलं की नटव्याचाच पुढे राक्षस झाला. हे आधीपासून ठरलं होतं की मागाहून जुळवलं, यावर मी पैज लावणार नाही. पण अनेक नाराजांनी त्यानंतर अल्बम पुन्हा कपाटातून काढला, हे खरं.

आज हा अल्बम ऐकावा का? त्याच्यावर इतके आरोप असताना?

फेब्रुवारी २०२१ मध्ये अभिनेत्री इव्हान रेचल वूडने मॅन्सनचं नाव घेऊन अत्याचाराचा जाहीर आरोप केला. त्यामागून इतर अनेक स्त्रियाही पुढे आल्या. त्याने आरोप नाकारले. त्याच्या तेव्हाच्या रेकॉर्ड कंपनीने संबंध तोडले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या सरकारी वकिलांनी खटला भरणार नसल्याचं जाहीर केलं: घरगुती हिंसेच्या आरोपांची मुदत उलटून गेली होती आणि लैंगिक अत्याचाराचा आरोप निःसंशय सिद्ध करता येईल असा पुरावा नव्हता. खटला न होणं म्हणजे निर्दोष ठरणं नव्हे, आणि दोषी ठरणंही नव्हे.

१९९८ मधला वाद आणि हा वाद एकाच तागडीत टाकू नयेत. तेव्हा चाहत्यांना प्रश्न पडला होता की तो आपल्याला फसवतोय का. आता प्रश्न त्याच्या सहवासात राहिलेल्या स्त्रियांचा आहे आणि त्यात चाहत्यांच्या भावना दुय्यम आहेत. काहींनी सगळ्या सीडी विकल्या. काही अजून तिकिटं काढतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचा नवा अल्बमही आला. माझ्यापुरतं म्हणाल तर अल्बम माझ्याकडे आहे, पूर्वीइतका लावला जात नाही, आणि लावला की आल्फाच्या गाण्यांतली स्वतःबद्दलची कणव मला आता तितकी सहज गिळता येत नाही. कुणी अजिबात ऐकणार नाही म्हटलं तर मी समजूत घालायला जात नाही.

पहिल्यांदाच ऐकतोय. सुरुवात कुठून करू?

'द डोप शो'पासून करू नका. ते गाणं आकर्षक आहे, पण त्यावरून हा नुसता झगमगाट आहे असं मत होतं आणि ते पुढे पुसता पुसलं जात नाही. 'ग्रेट बिग व्हाइट वर्ल्ड', मग थेट 'कोमा व्हाइट'. ही दोन आवडली तर पहिल्यापासून सगळा, क्रमाने. नाही आवडली तर बाकीचा अल्बम तुमचं मत बदलणार नाही.

स्ट्रीमिंगवर ऐकला तर काही निसटतं का?

गाणी तीच आहेत. निसटते ती डबी. मूळ सीडीची प्लास्टिकची डबी निळसर होती आणि पुस्तिकेतला काही पिवळा मजकूर त्या निळ्या प्लास्टिकमधून पाहिल्यावरच वाचता येत होता. जुनी प्रत घ्यायला गेलात तर डबी बदललेली नाही ना, आणि दोन्हीकडून उघडणारी पुस्तिका आत आहे ना, एवढं पाहून मगच पैसे द्या.